एनसी की एफआयआर? पोलीस ठाण्यातून निघताना हातातला कागद वाचून घ्या

गावात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "आम्ही केस केली." दुसरं, "पोलिसांनी काहीच केलं नाही." बऱ्याच वेळा ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलत असतो, आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. त्याने ठाण्यात जाऊन तक्रार दिलेली असते, सही केलेली असते, कागदही घेतलेला असतो. फक्त तो कागद एफआयआरचा नसतो, एनसीचा असतो. या दोन कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक ठाण्यात त्याला कुणी नीट सांगितलेला नसतो.

१ जुलै २०२४ पासून देशात फौजदारी कायदे बदलले. १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्या वेळी झिरो एफआयआर, ई-एफआयआर, घरबसल्या तक्रार यांची खूप चर्चा झाली. कलमांचे नंबर बदलले म्हणून वकिलांपासून हवालदारांपर्यंत सगळे नवीन पुस्तकं घेऊन बसले. पण गावातल्या माणसाच्या केसचं पुढे काय होणार हे ज्या एका प्रश्नावर ठरतं, तो प्रश्न जुना होता तसाच राहिला आहे: गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र?

दोन शब्द, दोन वेगळ्या वाटा

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाची परवानगी न घेता स्वतः तपास सुरू करू शकतात आणि गरज असेल तर वॉरंटशिवाय अटक करू शकतात. खून, दरोडा, बलात्कार, जबर दुखापत, घरफोडी हे सगळे यात येतात. याची पहिली नोंद म्हणजे एफआयआर, मराठीत प्रथम खबर. नव्या कायद्यात ती कलम १७३ खाली नोंदवतात. आधी हेच कलम १५४ होतं.

अदखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. याची नोंद म्हणजे एनसी, कलम १७४ खाली. पोलीस वहीत माहितीचा सारांश लिहितात आणि तक्रारदाराला कोर्टात जायला सांगतात. कायद्याने त्यांचं काम तिथे थांबतं. अशा नोंदींचा अहवाल आता दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, एवढी भर नव्या कायद्याने घातली आहे.

म्हणजे एनसी झाल्यावर "पोलीस तपासाला कधी येणार?" म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. ते येणार नाहीत. त्यांनी आळस केला म्हणून नव्हे, तर कायद्याने त्यांना तपासाला बंदी आहे म्हणून. आणि ही गोष्ट तक्रारदाराला कळेपर्यंत बऱ्याचदा महिने निघून जातात.

बांधावरचं भांडण घेऊन बघू

समजा, भावकीत बांध कोरण्यावरून वाद झाला. शिवीगाळ झाली, दोन चापटा बसल्या, "बघून घेतो" अशी धमकी दिली गेली. जुन्या भाषेत ही ३२३, ५०४, ५०६ ची एनसी. हे तीन आकडे खेड्यापाड्यात शाळकरी पोरांनाही पाठ होते. नव्या संहितेत साधी दुखापत कलम ११५(२), शांतता भंग व्हावी म्हणून केलेला अपमान कलम ३५२, आणि धमकी कलम ३५१(२). नंबर बदलले, पण तिन्ही गुन्हे अदखलपात्रच राहिले. एनसी होणार, हे बरोबरच आहे.

आता तेच भांडण, पण काठीच्या फटक्याने मनगटाचं हाड मोडलं. कायद्याच्या भाषेत हाड किंवा दात मोडणं, सांधा निखळणं ही 'जबर दुखापत' होते (कलम ११६). मग लागतं कलम ११७(२). शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. इथे एनसी चालत नाही, एफआयआरच व्हायला हवी.

किंवा हाड मोडलं नाही, पण मारताना कोयता, विळा, कुऱ्हाड वापरली आणि जखम झाली. मग साधी दुखापतसुद्धा कलम ११८(१) मध्ये जाते, आणि तोही दखलपात्र गुन्हा आहे.

किंवा हत्यार नाही, हाड मोडलं नाही, पण शेतातून घरी जाताना वाट अडवून धरली. कुणाची वाट बेकायदा अडवणं हा कलम १२६(२) चा गुन्हा. शिक्षा फक्त एक महिन्यापर्यंत, पण दखलपात्र.

आणि इथे एक नियम आहे, जो फार कमी लोकांना माहीत असतो. एकाच प्रकरणात चार गुन्हे अदखलपात्र असतील आणि त्यात एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. हे कलम १७४ मध्येच लिहिलेलं आहे. म्हणून ठाण्यात सांगताना फक्त "मारलं" एवढंच सांगून थांबू नका. कशाने मारलं, किती जण होते, वाट अडवली का, घरात घुसले का, हे सगळं घडलं त्या क्रमाने सांगा. पाच किंवा जास्त माणसं मारायच्या इराद्याने जमून आली असतील तर बेकायदा जमाव हाही वेगळा गुन्हा होतो.

मात्र घडलं तेवढंच सांगा. एफआयआर व्हावी म्हणून नसलेला कोयता आणि नसलेली माणसं घुसडली, तर डॉक्टरांचा दाखला आणि पंचनामा कोर्टात उलटा बोलतो. अख्खी केस पडते आणि खरा झालेला मारही खोटा ठरतो. शिवाय पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे (कलम २१७).

डॉक्टरांचा कागद का महत्त्वाचा

वरच्या उदाहरणात एनसी आणि एफआयआर यांच्यातला फरक ठरला तो एक्स-रेवर. मार लागला की बरेच जण गावातल्या खासगी डॉक्टरकडे जाऊन गोळी-इंजेक्शन घेतात, आणि चार दिवसांनी सूज उतरली नाही म्हणून तालुक्याला जातात. तोवर एनसी होऊन गेलेली असते.

ठाण्यात गेल्यावर पोलिसांकडून वैद्यकीय तपासणीची यादी मागून घ्या आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्या. दुखणं जास्त असेल तर एक्स-रेचा आग्रह धरा. जखम गंभीर असेल तर आधी दवाखाना, मग ठाणं. रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं आणि जबाब खाटेवरही घेतला जातो.

आणि एनसी झाल्यानंतर एक्स-रेत हाड मोडल्याचं निघालं, तर तो अहवाल घेऊन परत ठाण्यात जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्ह्याचं स्वरूप बदललं की कागदही बदलायला हवा.

पाच हजारांची रेघ

चोरीच्या बाबतीत नव्या कायद्याने एक नवी रेघ ओढली आहे. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. पाच हजारांच्या आतल्या अशा चोरीला कायद्याच्या तक्त्यात अदखलपात्र केलं आहे.

शहरातल्या माणसाला ५,००० रुपये किरकोळ वाटतील. पण विहिरीवरची केबल, स्टार्टरचे भाग, स्प्रिंकलरच्या तोट्या, कोंबड्या, जुना मोबाइल या सगळ्यांची किंमत या रेघेच्या आसपासच असते. किंमत अंदाजाने "चार-पाच हजार" अशी सांगितली, तर त्या एका शब्दावर एफआयआर की एनसी हे ठरू शकतं. म्हणून पावती असेल तर ती न्या. पावती नसेल तर आज तीच वस्तू बाजारात कितीला मिळते ते विचारून मग जा. फुगवून सांगू नका, पण कमीही सांगू नका.

नवीन आलेला १४ दिवसांचा टप्पा

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात दिला. प्राथमिक चौकशीला काही मोजक्या प्रकारांतच मुभा होती. उदाहरणार्थ कौटुंबिक वाद, पैशाच्या व्यवहाराचे वाद, किंवा तक्रार द्यायला फार उशीर झालेला असणं.

नव्या संहितेने यात बदल केला आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात पोलीस निरीक्षक डीवायएसपींच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढंच त्यात बघायचं असतं.

याचा फायदाही आहे. खोट्या केसमध्ये कुणाचं नाव उगाच येत नाही. तोटाही आहे. "चौकशी चालू आहे" हे उत्तर आता कायद्याचा आधार घेऊन देता येतं, आणि त्या दिवसांत गावात दबाव येतो, साक्षीदार फिरतात. म्हणून असं उत्तर मिळालं तर तीन गोष्टी विचारा: चौकशी कुठल्या कलमाखाली चालू आहे, डीवायएसपींची परवानगी कोणत्या तारखेची आहे, आणि १४ दिवस कधी संपतात. तारीख लिहून ठेवा आणि पंधराव्या दिवशी ठाण्यात हजर राहा.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मात्र एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं त्या कायद्याच्या कलम १८अ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

मोबाइलवरून तक्रार: अर्धं खरं

ई-एफआयआरबद्दल गैरसमज खूप आहेत. ऑनलाइन माहिती पाठवता येते, हे खरं. पण पाठवणाऱ्याने तीन दिवसांच्या आत सही केली तरच ती प्रथम खबर म्हणून नोंदवली जाते. नुसता मेसेज पाठवून घरी बसलं तर एफआयआर झाली असं समजू नका.

झिरो एफआयआर मात्र आपल्याकडच्या लोकांच्या फार उपयोगाची आहे. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर देता येते. ते ठाणं ती नोंदवून हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवतं. बीडचं ऊसतोड जोडपं सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कारखान्यावर गेलं आणि तिथे मारहाण झाली, तर गावी परत आल्यावरही जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर आता चालत नाही. मात्र मार लागला असेल तर तपासणी तिथेच आणि त्याच दिवशी करून घ्यावी, कारण परत येईपर्यंत जखम भरून जाते.

एनसीच मिळाली, मग पुढे?

एनसी म्हणजे रद्दी नव्हे. घटना त्या दिवशी, त्या वेळी घडली, याची ती नोंद आहे. पुढे परत मारहाण झाली तर जुनी एनसी कामाला येते. पण कारवाई हवी असेल तर पाऊल तुम्हालाच उचलावं लागतं.

वाटा दोन आहेत. एक, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा अशी विनंती करणं. आदेश झाला की पोलीस तपास करू शकतात. दोन, कोर्टात थेट खासगी फिर्याद दाखल करणं (कलम २२३). यात कोर्ट तुमचा आणि साक्षीदारांचा शपथेवर जबाब घेतं. गुन्ह्याची दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यायची, ही त्यात नवीन भर आहे.

इथे मुदतीकडे लक्ष द्या. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, त्यात एक वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. निव्वळ साध्या मारहाणीचं कलम ११५(२) यातच येतं. एक ते तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदत तीन वर्षांची आहे. "एनसी केलीय, केस चालू आहे" अशा समजुतीत वर्ष गेलं, तर दार बंद होऊ शकतं. मग न्याय मिळाला नाही म्हणून पोलिसांना शिव्या देऊन उपयोग नाही.

दखलपात्र असूनही एफआयआर घेत नसतील तर

आधी तक्रार लेखी द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत ठेवा. तरी नोंदवली नाही, तर तोच मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. रजिस्टर्ड टपालाची पावती जपून ठेवा. अधीक्षक स्वतः तपास करू शकतात किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगू शकतात. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, आणि अधीक्षकांकडे आधी अर्ज केल्याचा पुरावा लागतो. म्हणून ती टपालाची पावती लाखमोलाची.

महिलांवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायच्या आहेत. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावासाची तरतूद आहे (कलम १९९).

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मदत क्रमांक १५१००.

समोरच्या बाजूला तुम्ही असाल तर

आज फिर्यादी असलेला माणूस उद्या आरोपी असू शकतो. बांधाच्या भांडणात तर दोन्ही गटांवर गुन्हे दाखल होतात. म्हणून ही बाजूही माहीत असायला हवी.

एफआयआर म्हणजे आरोप. गुन्हा दाखल झाला म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला असं नाही. पोलिसांना संशय असतो तो संशयित. ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी. पुरावा तपासून कोर्टाने ठरवलं तरच तो दोषी. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून 'नराधम', 'चोरटा' लिहिणारे हा फरक विसरतात.

एफआयआर झाली म्हणजे अटक झालीच पाहिजे, असंही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी गरज तपासावी, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. अशा वेळी पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. ती आधी ४१अ ची नोटीस म्हणून ओळखली जायची, आता कलम ३५(३) ची. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मात्र नोटीस रीतसर मिळाली की हजर राहा. न राहिल्यास अटकेला कारण मिळतं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी-अशक्त असेल, तर डीवायएसपींच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

आणि व्हिडिओ कॉलवर खाकी घालून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणारा पोलीस नसतो, ठग असतो. तसा प्रकार कायद्यात कुठेच नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

अटक झालीच तर कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायला हवं. बातमीत 'पोलीस कोठडी' लिहिलं असेल तर आरोपी चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात आहे. ही कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नसते. 'न्यायालयीन कोठडी' म्हणजे तो कारागृहात आहे.

जामिनाचंही असंच. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तर तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. 'जामिनावर सुटला' म्हणजे निर्दोष सुटला असंही नाही, केस चालूच असते. आणि दखलपात्र गुन्हा अजामीनपात्रच असतो असंही नाही. हाड मोडल्याचं कलम ११७(२) दखलपात्र आहे, तरी जामीनपात्र आहे.

चॅप्टर केस ही शिक्षा नव्हे

भांडणानंतर तहसील कार्यालयातून नोटीस येते आणि घरात रडारड होते. ही चॅप्टर केस. आधीचं कलम १०७, आता १२६. इथे तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. झालेल्या भांडणाचा निवाडा ते करत नाहीत. पुढे भांडण होऊ नये म्हणून जास्तीत जास्त एक वर्षाचा शांतता राखण्याचा बॉण्ड घेतात. मार खाल्लेल्यालाही ही नोटीस येऊ शकते. घाबरू नका, पण गैरहजरही राहू नका. आणि चॅप्टर झाली म्हणजे आपल्या एनसीचं काम झालं, असंही समजू नका. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

तपास संपल्यावर

पुरावा मिळाला तर पोलीस कोर्टात दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट देतात. आरोपी कोठडीत असेल आणि ६० दिवसांत (दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत) चार्जशीट आली नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. "पैसे देऊन सुटला" असं ज्याला गावात म्हणतात, त्यातली काही प्रकरणं या उशिराची असतात.

पुरावा मिळाला नाही तर महाराष्ट्रात समरी पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा घडला, पण छडा लागला नाही. बी समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. समरी मंजूर करण्याआधी कोर्टाने फिर्यादीचं म्हणणं ऐकायचं असतं. म्हणून कोर्टाचा कागद आला तर तो कपाटात टाकू नका. विरोध करायची संधी तीच असते. शिवाय ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं नव्या कायद्याने पोलिसांवर टाकलं आहे. कळवलं नाही तर विचारा.

'केस मागे घेणं'

महाराष्ट्रात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली आणि गावातले वाद गावात मिटवायची सवय लागली. चांगली गोष्ट आहे. साधी मारहाण, अपमान असे गुन्हे दोघांच्या संमतीने मिटू शकतात. काही गुन्हे कोर्टाच्या परवानगीने मिटतात. पण बलात्कार, खून, दरोडा यांत समझोता नाही. ती केस सरकारची असते, फिर्यादीची नसते. त्यामुळे अशी केस "पाटलांच्या ओट्यावर मिटली" म्हणून कोर्टात बंद होत नाही. मिटवायला बसवणारे मोकळे राहतात आणि जबाब फिरवणारा साक्षीदार अडकतो.

सही करण्याआधी

तक्रार नोंदवल्यावर ती वाचून दाखवणं हे पोलिसांचं काम आहे आणि ऐकून घेणं हे तुमचं. वाचता येत नसेल तर सोबत वाचणारा माणूस न्या. मग एवढं बघा:

• कागदावर कलम १७३ आहे की १७४? म्हणजे एफआयआर की एनसी?
• तारीख, वेळ, ठिकाण बरोबर आहे का?
• हत्यार, जखम, माणसांची संख्या, वस्तूची किंमत तुम्ही सांगितली तशीच आहे का?
• साक्षीदारांची नावं आली का?
• प्रत मिळाली का? एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. एनसीचीही प्रत मागून घ्या.

सही फिर्यादीवर करायची असते. तपासात पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात, त्यावर सही घ्यायची नाही असं कायदाच सांगतो (कलम १८१). कोऱ्या कागदावर तर कुठेच सही करू नका.

१७३ चा कागद हातात असेल तर पुढचं काम पोलिसांचं. १७४ चा असेल तर पुढचं काम तुमचं, आणि मुदत त्याच दिवसापासून चालू झालेली असते.